ठाण्याचे नाव आणि डॉक्टरांची चिठ्ठी

वाचकहो, खोपटच्या एस.टी. स्थानकावर गावाकडची माणसे उतरतात. कुणी कोर्टाच्या कामाला, कुणी दवाखान्याला. दवाखान्याला आलेल्यांतले काही जण मात्र कुठे चाललो ते शेजारच्या उतारूला सांगत नाहीत. आपल्याकडे एखाद्याचे डोके फिरले की "याला ठाण्याला धाडा" म्हणायची रीत आहे ना! मग छातीत धडधडते, रात्र रात्र झोप येत नाही, म्हणून ठाण्याच्या डॉक्टरकडे आलो, हे सांगायचे कसे? या लाजेने फार नुकसान केले आहे. ते कसे, हे समजायला थोडे मागे जाऊ या.

ठाणे आणि मुलुंड यांच्या मध्ये, रेल्वेमार्गाजवळ, १९०१ साली मनोरुग्णालय उभे राहिले. त्या काळी मनाच्या आजारावर नेमके औषध नव्हते. १९१२ च्या कायद्याप्रमाणे बहुतेक रुग्ण दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने आत जात. आत गेलेला लवकर परत येत नसे. तेव्हा लोकांच्या मनात ठाणे म्हणजे भिंत, असे बसले ते उगाच नव्हे. पण साध्या काळजीने पोखरलेल्या माणसालाही त्याच भिंतीचे भय वाटू लागले, आणि ते अजून पुरते गेलेले नाही.

पुढे औषधे आली, आणि त्यांतले पहिले आपल्याच मातीतले. सर्पगंधेची मुळी वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिचा अनुभव घेऊन १९४९ मध्ये तो विलायतेच्या वैद्यकीय मासिकात छापला. १९५२ मध्ये मुळीतले रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. रक्तदाब उतरे, मनही शांत होई. मात्र काही रुग्ण त्याच औषधाने खोल उदास होऊ लागले. गुणकारी औषधही देखरेखीवाचून देऊ नये, हा धडा असा मिळाला.

१९५५ मध्ये अमेरिकेत मेप्रोबामेट बाजारात आले आणि लोकांनी त्यावर उड्या टाकल्या. लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम निघाले. अर्ध्या तासात जीव शांत करणारी गोळी! पण शरीराला तिची सवय लागते, हे हळूहळू कळत गेले. आज एक पुरते, उद्या दोन लागतात. एकदम बंद केली तर कंप सुटतो, झोप उडते, कधी झटकेही येतात. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

आता तुम्ही विचाराल, केमिस्ट चिठ्ठी मागतो ती कशाला? त्याचाही इतिहास आहे. बाजारात भेसळीची औषधे फार झाली, तेव्हा १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती नेमली गेली. तिच्या चौकशीतून पुढे १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम आले. मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयी १९७१ मध्ये राष्ट्राराष्ट्रांत करार झाला, त्यानंतर १९८५ मध्ये आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा झाला. २०१३ मध्ये 'एच-१' ही नवी यादी निघाली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड तीत आहेत. ही औषधे देताना दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहायचे, आणि ती वही ३ वर्षे जपायची. म्हणून तो "चिठ्ठी आणा" म्हणाला तर रागावू नका. तो तुमचा अपमान करीत नाही, तुमची राखण करतो आहे.

मग सरळ वाट कोणती? आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा. धडधड थायरॉइडने किंवा रक्त कमी असल्यानेही होते, ते तपासले जाईल. गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क केले आहेत. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर फोनवरून सल्ला मिळतो, त्यालाही पैसे पडत नाहीत. पूर्वी घेतलेली औषधे, दारू, गरोदरपण, काही लपवू नका. काही वेळा गोळी लागतच नाही, बोलून केलेल्या उपचाराने भागते. लागली तर ती कोणती, किती आणि किती दिवस, हे विचारून घ्या.

चिठ्ठीवर तारीख, सही, तुमचे नाव-पत्ता, मात्रा आणि एकूण गोळ्या असाव्यात. पुन्हा द्यावी असे डॉक्टरांनी लिहिले नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच मिळते. परवानाधारक दुकानातून घ्या, बिल जपून ठेवा. शेजारणीला लागू पडली म्हणून तिच्या डबीतली गोळी घेऊ नका, आपलीही कुणाला देऊ नका. गोळी घेऊन ट्रॅक्टर वा मोटारसायकल हाकू नका. आणि बरे वाटले म्हणून मनाने थांबवू नका. डॉक्टर ती पायरीपायरीने उतरवतील.

गुरुजी, बाई, शेवटचे तुम्हाला. गावात अशा माणसाला पहिला कान बहुधा तुमचाच मिळतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरला. कायद्याने भिंतीला दार केले. पण "ठाण्याला धाडा" ही चेष्टा वर्गात ऐकू आली, तर ती तिथेच थांबवणे कायद्याला जमत नाही, ते तुम्हालाच जमेल. ती थांबली तर उद्या खोपटच्या स्थानकावर उतरलेला माणूस दवाखान्याची वाट मोकळेपणाने विचारील.