पनामाच्या कालव्यावरील दोन निशाणें

पनामाचा कालवा नकाशांत पाहिला म्हणजे दोन महासागरांना जोडणारी एक बारीक रेघ दिसते. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंस पूर्वीं पांच पांच मैल रुंदीचा एक पट्टा होता. भूमि पनामाची, पण तेथील कायदा, न्यायालयें, पोलीस, टपाल आणि शाळा हें सर्व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें. या पट्ट्यांत निशाण कोणाचें फडकावें, यावरून दोन्ही देशांत मोठा कलह माजला. वरवर पाहतां तें भांडण कापडाचें होतें. मुळांत मात्र तें शब्दांचें होतें.

३ नोव्हेंबर १९०३ रोजीं पनामा कोलंबियापासून फुटून निघाला आणि पंधराच दिवसांनीं, १८ नोव्हेंबरला, कालव्याचा तह झाला. पनामातर्फे सही केली ती बुनो-व्हारिया या फ्रेंच गृहस्थानें. पनामाचें शिष्टमंडळ वॉशिंग्टनला पोहोंचलें तेव्हां सही होऊन चुकली होती. एक कोट डॉलर रोख आणि वर्षास अडीच लाख डॉलर, एवढ्या मोबदल्यांत अमेरिकेस हा पट्टा कायमचा मिळाला. तहाच्या तिसऱ्या कलमाचा आशय असा कीं, अमेरिका या भूमीची सार्वभौम असती तर तिला जे अधिकार असते, ते सर्व तिला असावेत आणि पनामानें ते चालवूं नयेत. आतां, व्याकरण जाणणाऱ्या कोणासही कळेल कीं, ‘असती तर’ याचा अर्थ ‘नाहीं’ असा होतो. पनामानें या ‘असती तर’वर बोट ठेवलें, अमेरिकेनें उरलेल्या वाक्यावर. अर्धें शतक एकच कलम दोन अर्थांनीं वाचलें गेलें.

मे १९५८ मध्यें पनामाच्या विद्यार्थ्यांनीं या पट्ट्यांत शिरून जागोजागीं आपलीं लहान निशाणें रोंविलीं. पुढील वर्षीं ३ नोव्हेंबरला असाच प्रयत्न झाला, तेव्हां दंगल उसळली. पनामाचें नाममात्र सार्वभौमत्व डोळ्यांस दिसेल असें कांहीं करावें, हें अध्यक्ष आयसेनहॉवर यांस पटलें होतें. परंतु वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहानें मोठ्या बहुमतानें विरोध दर्शविला. तरीही सप्टेंबर १९६० मध्यें सरहद्दीवरील शेलर त्रिकोण या जागीं पनामाचें निशाण चढलें. एका ठिकाणीं दिलें म्हणजे दुसरीकडे कां नाहीं, हा प्रश्न आलाच. १९६२ सालीं पनामाचे अध्यक्ष चिआरी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांस भेटले. आणि मुलकी अधिकारी जेथें अमेरिकेचें निशाण लावतात, तेथें पनामाचेंही लावावें, असें जानेवारी १९६३ मध्यें जाहीर झालें.

पट्ट्यांत राहणाऱ्या अमेरिकन लोकांस हें रुचलें नाहीं. तेव्हां गव्हर्नर फ्लेमिंग यांनीं १९६३ च्या अखेरीस एक तोड काढली: शाळांसारख्या कांहीं ठिकाणीं बाहेर कोणाचेंच निशाण नको. कागदावर युक्ति निर्दोष दिसते. पण दोघांचाही मान राखण्याची सोय म्हणून जी निघाली, ती दोघांसही अपमान वाटली. ७ जानेवारी १९६४ रोजीं बाल्बोआ हायस्कूलच्या अमेरिकन विद्यार्थ्यांनीं आपलें निशाण आपण होऊन चढविलें. ९ तारखेस सायंकाळीं इन्स्टिट्यूटो नासिओनाल या पनामाच्या नामांकित शाळेचे सुमारें दोनशें विद्यार्थी आपल्या शाळेचें निशाण घेऊन तेथें आले. १९४७ च्या चळवळींत मिरविलेलें तें निशाण होतें. पोलिसांनीं मोजक्या मुलांस ध्वजस्तंभाजवळ जाऊं दिलें. तेथें जमलेल्या अमेरिकन जमावाशीं झटापट झाली आणि निशाण फाटलें. तें कसें फाटलें, याविषयीं दोन्ही बाजूंच्या हकीकती आजही जुळत नाहींत.

ती बातमी शहरांत पसरली आणि दंगल चार दिवस चालली. पनामाच्या गणनेप्रमाणें तिचीं २१ माणसें गेलीं. अमेरिकेचे ४ सैनिक पडले. पहिल्याच रात्रीं मेलेल्यांत आस्कानिओ आरोसेमेना हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. दुसऱ्या दिवशीं पनामानें अमेरिकेशीं राजनैतिक संबंध तोडले.

यानंतरचा मुत्सद्देगिरीचा प्रसंग विशेष बोधप्रद आहे. अमेरिका खंडांतील राष्ट्रांच्या संघटनेनें मध्यस्थी करून १५ जानेवारीस एक पत्रक तयार केलें. त्याच्या स्पॅनिश प्रतींत ‘वाटाघाट’ या अर्थाचा शब्द होता. इंग्रजींत केवळ ‘चर्चा’. वाटाघाट म्हणजे नवा तह करण्याची तयारी. चर्चा म्हणजे नुसतें बोलणें. पत्रक तेथेंच कोलमडलें, आणि संबंध पुन्हां जुळावयास ३ एप्रिल उजाडला. संघर्षाचीं कारणें दूर करण्यासाठीं दोन्ही देशांनीं खास राजदूत नेमावे, असें त्या दिवशीं ठरलें. डिसेंबरांत अध्यक्ष जॉन्सन यांनीं सर्वस्वीं नवा तह करण्याचें जाहीर केलें. तो व्हावयास मात्र आणखी तेरा वर्षें लागलीं.

७ सप्टेंबर १९७७ रोजीं कार्टर आणि तोरिहोस यांनीं सह्या केल्या. पुढील वर्षीं अमेरिकन सेनेटनें ६८ विरुद्ध ३२ मतांनीं, म्हणजे लागणाऱ्या दोन-तृतीयांशांपेक्षां एकच मत अधिक मिळून, मान्यता दिली. या तहांत निशाणांचें एक स्वतंत्र कलमच आहे. सर्व भूमि पनामाच्या निशाणाखालीं असेल, मानाचें स्थान त्याचें असेल; ठरलेल्या जागीं अमेरिकेचें निशाण त्याच्या शेजारीं लावतां येईल. या वाक्यांत ‘असती तर’ नाहीं. १ ऑक्टोबर १९७९ रोजीं पट्टा संपला आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजीं दुपारीं कालवा पनामाच्या हातीं आला.

निशाणाचा तंटा क्षुद्र, असें म्हणणारे पुष्कळ असतात. क्षुद्र तो नव्हता. मोठा प्रश्न उघड बोलावयाचा नाहीं म्हणून दोन्ही सरकारांनीं त्याला निशाणाएवढा लहान करून पाहिला, इतकेंच. एक खांब येथें, एक तेथें, कोठें दोन, कोठें एकही नाहीं, अशा हिशेबानें हक्काचा निवाडा होत नसतो. वडील माणसांनीं संदिग्ध ठेवलेल्या वाक्याचा अर्थ शेवटीं शाळकरी मुलांस आपल्या परीनें लावावा लागला, आणि त्याची किंमत तरुणांनीं दिली. बाल्बोआ हायस्कूलच्या त्याच इमारतींत आज कालव्याच्या पनामी कामगारांचें शिक्षण-केंद्र आहे. त्यास नांव दिलेलें आहे तें आस्कानिओ आरोसेमेना याचें.