धुराची बदलती जागा : ड्रॅग शर्यतीतील टायर तापविण्याचे तंत्र आणि नवी मुंबई

प्रस्तावना :

वाशी आणि बेलापूर यांना जोडणाऱ्या पामबीच मार्गावर रात्री उशिरा मोटारसायकलींच्या शर्यती लावणे आणि मागचे चाक जागीच फिरवून धूर काढणे, हा नवी मुंबईतील तरुणांच्या एका गटाचा परिचित उद्योग आहे. पोलिसांच्या लेखी तो बेदरकारपणा ठरतो, तर रहिवाशांच्या लेखी हुल्लडबाजी. दोन्ही वर्णने यथार्थ आहेत. तथापि या कृतीमागे सहा-सात दशकांचा तांत्रिक इतिहास आहे, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. 'बर्नआउट' या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र कोणत्या गरजेतून जन्मले आणि ती गरज संपल्यावरही ते रस्त्यावर का टिकले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

धावपट्टीवरील आरंभ :

दोन वाहनांनी उभ्या स्थितीतून निघून पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे सरळ अंतर कापणे, हे ड्रॅग शर्यतीचे मूळ स्वरूप होय. खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांतील घाटांत सेकंदांवर मोजली जाणारी बैलगाडा शर्यत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या खेळाचे नवल वाटू नये. येथेही वळण नाही आणि सुटण्याच्या क्षणालाच सर्वाधिक महत्त्व आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात सार्वजनिक रस्त्यांवर अशा शर्यतींचे पेव फुटले होते. १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर त्या नियमितपणे भरू लागल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली. तरुणांना रस्त्यावरून उठवून सुरक्षित जागी आणणे, हा त्या संस्थेच्या प्रारंभीच्या कार्याचा उघड हेतू होता. म्हणजेच ज्या प्रश्नापुढे नवी मुंबई आज उभी आहे, त्या प्रश्नातूनच या क्रीडाप्रकाराची संस्था उभी राहिली.

धूर : आधी नंतरचा, मग आधीचा :

प्रारंभीच्या काळात इंजिनाची ताकद वाढत गेली, पण ती जमिनीवर उतरविणारे टायर उपलब्ध नव्हते. जुन्या टायरवर नक्षीविरहित रबराचा थर चढवून, आपल्याकडील रिमोल्डसारखेच, काम भागविले जाई. पुढे मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील मार्विन रिफ्चिन यांच्या एम अँड एच कंपनीने खास ड्रॅग शर्यतीसाठी मऊ रबराचे गुळगुळीत टायर तयार केले. तरीही १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात वेगवान गाड्या संपूर्ण पाव मैल धूर सोडत धावत असत. प्रेक्षकांना तो धूर म्हणजे सामर्थ्याचे प्रमाण वाटे आणि अनेक चालकांनाही तसेच वाटत असावे. वस्तुतः घसरणारे चाक शक्ती वाया घालवते. मऊ बाजूंचे टायर आणि सुधारित क्लच आल्यावर हे ध्यानात आले आणि धूर शर्यतीतून हद्दपार झाला.

मात्र तो नाहीसा झाला नाही, शर्यतीच्या आधी सरकला. थंड रबर ताठ असते. तापल्यावर ते लवचीक होऊन पृष्ठभागाच्या बारीक खाचांत शिरते आणि पकड घेते. म्हणून सुटण्यापूर्वी चाके जागीच फिरवून टायर तापविण्याची व त्यावरील कचरा झटकण्याची रीत पडली. चाक सहज फिरावे म्हणून जमिनीवर प्रथम ब्लीच ओतले जाई. त्याची जागा पुढे पाण्याने घेतली. पेट्रोल ओतून पेटविण्याचे प्रकारही झाले; ते बंद करावे लागले, हे सांगायला नकोच.

येथे एक अडचण होती. ब्रेकचे पेडल दाबले की चारही चाके अडतात, आणि गरज तर पुढची अडवून मागची मोकळी ठेवण्याची. त्यासाठी पुढच्या ब्रेकच्या नळीत विजेवर चालणारी झडप बसविण्यात आली. चालक पेडल दाबतो, बटण दाबून पुढच्या चाकांवरील दाब कोंडून ठेवतो आणि पाय काढतो. मागची चाके सुटतात, पुढची जखडलेली राहतात. बटण सोडताच गाडी पुढे निघते. 'लाइन लॉक' या नावाने हे साधन रूढ झाले. भारतातील बहुसंख्य मोटारींना शक्ती पुढच्या चाकांकडून मिळत असल्याने येथे तेच काम हँडब्रेक करतो. मोटारसायकलीला तर कशाचीच गरज नाही, कारण पुढचा ब्रेक मुठीतच असतो. हे तंत्र आपल्या रस्त्यांवर इतक्या सहजपणे का आले, याचे निम्मे उत्तर या मुठीत आहे.

उरलेले निम्मे उत्तर देखाव्यात आहे. रोजच्या वापराचे टायर टिकाऊपणासाठी कठीण रबराचे बनविलेले असतात. ते जागीच फिरवल्याने पकड वाढण्यापेक्षा रबर झिजते, अति तापते आणि निसरडे होते. ड्रॅगपट्टीवर मागे राहिलेला रबराचा थर पुढच्या स्पर्धकाच्या उपयोगी पडतो; रस्त्यावर त्याचा कोणालाच उपयोग नाही. शर्यतीतून निघून शर्यतीच्या आधी आलेला धूर येथे शर्यतीपासूनच तुटला आहे.

महाराष्ट्रातील जागेचा प्रश्न :

भारतातही मोटारशर्यती धावपट्ट्यांवरच वाढल्या. चेन्नईजवळील शोळवरमची युद्धकालीन धावपट्टी हे त्याचे ठळक उदाहरण असून, १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टै येथे कायमस्वरूपी ट्रॅक झाला. महाराष्ट्रात गेल्या दशकात मुळशी तालुक्यातील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या ड्रॅग स्पर्धा भरल्या. परंतु तो खासगी वसाहतीतील अधूनमधूनचा सोहळा होता. नेरूळच्या मुलाला शनिवारी जाता येईल अशी ती जागा नव्हे. नवी मुंबईत २०२५ मध्ये विमानतळ सुरू झाला खरा, पण ती धावपट्टी काही ओस पडलेली नाही.

कायद्याने शर्यतीस सरसकट मनाई केलेली नाही, हेही नोंदविले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना घेतलेली शर्यत हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा कमाल दंड ५०० वरून ५,००० रुपये आणि कमाल कारावास एक महिन्यावरून तीन महिने झाला. शिक्षा वाढली, संमतीने शर्यत भरविता येईल अशी जागा मात्र वाढली नाही. बैलगाडा शर्यतीच्या बाबतीत राज्याने नेमके उलट केले. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीची पद्धत घालून दिली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. बैलांसाठी जो विचार झाला तो वाहनांसाठी होऊ नये, याचे सबळ कारण दिसत नाही. सिडकोने १९७० पासून आखलेल्या या शहरात मैदाने, उद्याने, क्रीडासंकुले यांसाठी भूखंड राखले गेले. ४०२ मीटरची पट्टी, त्यापुढे गाडी थांबविण्यासाठी तेवढेच किंवा अधिक अंतर, दुतर्फा कठडे आणि उभी रुग्णवाहिका, एवढी या खेळाची किमान मागणी आहे. पामबीच मार्गावर यांपैकी फक्त सरळ पट्टी आहे; तिच्यापुढे सिग्नल आहेत आणि रस्ता ओलांडणारी माणसे आहेत.