खोल सागरी गाळाचे कालनिर्धारण आणि झिरकॉन स्फटिक : डॉब्ज लिन येथील भूस्तरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
इतिहासाच्या अभ्यासात कालनिश्चितीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. घटनांचा क्रम समजला तरी त्याला वर्षांची जोड मिळाल्याशिवाय त्यांच्यातील कार्यकारणसंबंध खात्रीने सांगता येत नाही. शिलालेख, नाणी व कागदपत्रे यांच्या आधारे मानवी इतिहासाचा काळ ठरविता येतो. परंतु कोट्यवधी वर्षांपूर्वी खोल समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाबाबत अशी साधने उपलब्ध नसतात. प्रस्तुत लेखात दक्षिण स्कॉटलंडमधील मॉफट गावाजवळच्या डॉब्ज लिन या घळीच्या आधारे, क्रमापासून काळापर्यंतचा हा प्रवास कसा झाला आणि झिरकॉनच्या साक्षीला कोणत्या मर्यादा आहेत, याचा आढावा घेतला आहे.

जीवाश्मांनी दिलेला क्रम :
या डोंगराळ प्रदेशात ग्रेवॅक हा कठीण वालुकामय खडक आणि काळ्या शेलचे पातळ थर आढळतात. हे सर्व थर म्हणजे एकावर एक साचलेली एकच प्रचंड रास होय, असा पूर्वीच्या भूवैज्ञानिकांचा समज होता. चार्ल्स लॅपवर्थ (१८४२–१९२०) हे १८६४ मध्ये गॅलाशील्स येथे शिक्षक म्हणून आले. त्यांनी शेलमधील ग्रॅप्टोलाइट या नामशेष सागरी जीवांचा थरागणिक अभ्यास केला. वळ्या व प्रस्तरभंग यांमुळे तेच ते पातळ थर पुन्हा पुन्हा उघडे पडले आहेत, हे त्यांनी १८७८ मध्ये सिद्ध केले. पुढील वर्षी त्यांनी कँब्रियन व सिल्युरियन यांच्या दरम्यान ‘ऑर्डोव्हिसियन’ हा स्वतंत्र कालखंड सुचविला. १९८० च्या दशकात ऑर्डोव्हिसियन–सिल्युरियन सीमेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणस्थळ म्हणून डॉब्ज लिनची निवड झाली. तथापि ग्रॅप्टोलाइटांवरून आधी काय व नंतर काय एवढेच कळत होते. किती वर्षांपूर्वी, हे कळत नव्हते.

झिरकॉनचे कार्य :
झिरकोनियम व युरेनियम या दोन्ही मूलद्रव्यांचा शोध मार्टिन क्लाप्रोथ या एकाच जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ या एकाच वर्षी लावला, हा योगायोग उल्लेखनीय आहे. शिलारसात झिरकॉनचा स्फटिक तयार होताना तो युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेत नाही. त्यामुळे त्यात आज सापडणारे शिसे प्रामुख्याने युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले असते. युरेनियमच्या दोन समस्थानिकांची अर्धायुष्ये अनुक्रमे सुमारे ४४७ कोटी व ७०.४ कोटी वर्षे आहेत. म्हणजे एकाच स्फटिकात दोन स्वतंत्र घड्याळे असतात आणि ती परस्परांशी पडताळून पाहता येतात. या पडताळणीची आलेखपद्धती जॉर्ज वेदरिल यांनी १९५६ मध्ये मांडली. १९७३ मध्ये टॉम क्रोग यांनी बाहेरील शिशाचा संसर्ग कमी करणारी पद्धत विकसित केल्यावर अत्यल्प नमुन्यांचे मापन शक्य झाले.

राखेची साक्ष :
झिरकॉनचे वय हे स्फटिक तयार झाल्याचे वय असते, गाळ साचल्याचे नव्हे. हीच या साधनाची मुख्य अडचण आहे. ज्वालामुखीच्या राखेबाबत मात्र ही अडचण बरीच कमी होते, कारण उद्रेक व निक्षेपण यांतील अंतर भूशास्त्रीय दृष्ट्या नगण्य असते. डॉब्ज लिनच्या शेलमध्ये अशा राखेचे, आता चिकणमाती झालेले, पातळ थर आहेत. १९९० मध्ये टकर, क्रोग, रॉस व विल्यम्स यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सीमेखालील हार्टफेल शेलमधील राखेचे वय ४४.५७ कोटी (± २४ लाख) वर्षे, तर सीमेवरील बर्कहिल शेलमधील राखेचे वय ४३.८७ कोटी (± २१ लाख) वर्षे आले. लॅपवर्थ यांनी जीवाश्मांवरून लावलेला क्रम आणि स्फटिकांवरून मिळालेली वर्षे यांत विसंगती आढळली नाही. आज ही सीमा सुमारे ४४.३ कोटी वर्षांपूर्वीची मानली जाते.

या आकड्यांचे महत्त्व केवळ नोंदीपुरते नाही. याच सीमेलगत पृथ्वीवरील पाच मोठ्या जीवविनाशांपैकी पहिला विनाश घडला. तो ज्या हर्नान्शियन काळात घडला, तो काळच सुमारे २० लाख वर्षांचा मानला जातो. साहजिकच १९९० च्या त्रुटीमर्यादेत विनाशाचा वेग मोजणे शक्य नव्हते. २००५ मध्ये जेम्स मॅटिन्सन यांनी मांडलेल्या प्रक्रियेत स्फटिकाचा सदोष भाग तापवून व आम्लात विरघळवून काढून टाकला जातो. तिच्यामुळे अशा मापनांची अचूकता वाढली.

वाहून आलेले स्फटिक :
शेलभोवतीच्या ग्रेवॅकमधील झिरकॉन दूरच्या भूमीवरून वाहून आलेले आहेत. त्यांपैकी पोर्टपॅट्रिक येथील खडकात ज्वालामुखीजन्य कण विपुल असल्याने, गाळ साचत असतानाच जवळ ज्वालामुखी द्वीपमाला जागृत होती, असे मानले जात असे. परंतु २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत तेथील झिरकॉनांचे वय सुमारे ५५.७ व ६१.३ कोटी वर्षे आले, म्हणजे ते गाळापेक्षा सुमारे दहा कोटी वर्षांनी वा त्याहून अधिक जुने निघाले. त्यामुळे पूर्वीच्या समजाचा फेरविचार करणे भाग पडले. उत्खननात एखाद्या थरात नाणे सापडले, तर तो थर नाण्याहून जुना नसतो. मात्र कितीही नवा असू शकतो. वाहून आलेल्या झिरकॉनलाही हाच नियम लागू पडतो.

निष्कर्ष :
जीवाश्म क्रम देतात, राखेतील झिरकॉन वर्षे देतात आणि वाहून आलेले झिरकॉन गाळाचे मूळ व त्याच्या वयाची कमाल मर्यादा सांगतात. या तीन साक्षींपैकी कोणतीही एक स्वयंपूर्ण नाही. मापन कितीही अचूक असले तरी ते नेमक्या कोणत्या घटनेचे आहे, हे आधी ठरवावे लागते. साधनांची ही चिकित्सा भूविज्ञानाला जितकी आवश्यक आहे, तितकीच ती इतिहासाच्या अभ्यासकालाही मार्गदर्शक आहे.