पाऊण डॉलरची तफावत

हॅकरला भुलवणारा हनीपॉट आणि त्याला वाटेतच अडवणारी आयपीएस (इंट्रूजन प्रिव्हेन्शन सिस्टिम) यांच्या कुळाचा विषय निघाला, की आमच्या हैदराबादच्या विद्यानगरातली मराठी मंडळी हटकून दौलताबाद किल्ल्याच्या अंधारी नावाच्या भुयारात शिरतात. किल्ला १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा अभिमान साहजिक. शत्रूला भुयारात चकवायचं आणि धुराने कोंडायचं, म्हणजे हनीपॉटच की! मला हे पटत नाही. बालेकिल्ल्यावर जायचं तर अंधारीतूनच. दोस्त असो वा दुश्मन. हे लक्षण आयपीएसचं. तीही रहदारीच्या वाटेतच बसते, एकेक पॅकेट तपासते, संशयास्पद ते टाकून देते. कधी घरच्या माणसालाही अडवते. हनीपॉट वाटेबाहेर असतो. तिथे कुणाचंच काम नसतं, म्हणून जो फिरकेल त्याच्यावर संशय घ्यायचा.

माझ्या मते दोघांचंही मूळ हिशेबाच्या वहीत आहे. १९८६मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटांची तफावत आली. ती शोधायला बसवलेला क्लिफर्ड स्टोल मूळचा खगोलशास्त्रज्ञ. तफावतीमागे घुसखोर निघाला. स्टोलने त्याला हाकललं नाही, कारण फोनलाइनचा माग काढायचा तर तो जोडलेला राहायला हवा. पलीकडे जर्मनीतल्या हानोव्हरच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये माणसाला एकेक स्विच पाहत जावं लागे, आणि हा तर आत येऊन लगेच पसार! मग स्टोल आणि त्याच्या मैत्रिणीने ‘एसडीआयनेट’ या खोट्या संरक्षण प्रकल्पाचं दफ्तर रचलं: लांबलचक, रटाळ सरकारी कागद आणि जोडीला एक काल्पनिक सेक्रेटरी. घुसखोर मार्कुस हेस ते उतरवत बसला आणि १९८७मध्ये सापडला. त्या सेक्रेटरीकडे कागद मागणारं खरंखुरं पत्रही पिट्सबर्गहून आलं! कुणी हनीपॉटच्या पहिलेपणाचा मान बेल लॅब्जच्या बिल चेसविकला देतात, कुणी फ्रेड कोहेनला. कोहेनने तयार सॉफ्टवेअर दिलं हे कबूल, पण युक्ती स्टोल आणि त्याच्या मैत्रिणीचीच.

आयपीएसला लोक फायरवॉलची लेक म्हणतात. मी दत्तक म्हणेन. तिचा आजा म्हणजे जेम्स अँडरसनचा १९८०चा अहवाल: ऑडिटच्या नोंदी चाळा, गैरवापर हुडका. १९८७मध्ये डोरोथी डेनिंगने त्याला पद्धतशीर रूप दिलं: नेहमीच्या वापराचा हिशेब ठेवा, वेगळं दिसलं की इशारा द्या. पुढे १९९८मध्ये नेटवर्कवरची रहदारी तपासून इशारा देणारं स्नॉर्ट हे सॉफ्टवेअर आलं. नुसत्या इशाऱ्याने भागेना, तेव्हा पहारेकऱ्याला उचलून थेट वाटेत बसवलं.

आता या दोघांत निवड करायची तर? जानेवारी २०२२मध्ये हैदराबादच्या महेश बँकेतून सुमारे साडेबारा कोटी रुपये गेले. पोलिस तपासात फिशिंगचे ईमेल सापडले आणि बँकेत धड आयपीएसही नसल्याचं पुढे आलं. अशा ठिकाणी हनीपॉटचं कौतुक काय कामाचं? तो मांडला तरी घुसखोर येऊन पेजर वाजताच टर्मिनलकडे धावणारा एखादा स्टोल पगारावर ठेवावा लागेल.