अनाहूत घंटा

अनोळखी मनुष्य आला तर त्याला ओसरीवर बसवून घ्यावयाचें, ही आपली जुनी रीत. नांवगांव कळल्यावांचून तो माजघरांत येत नसे. टेलिफोनच्या घंटेनें ही रीत मोडली. कोण बोलावितो हें न सांगतां ती घरच्या माणसाला हातचें काम टाकून उठावयास लावूं लागली. आणि नवल असें कीं, माणसें उठूं लागलीं. ग्रॅहम बेल यास १८७६ सालीं या यंत्राचें पेटंट मिळालें. त्याच्या घरीं टेलिफोन होता, पण आपल्या अभ्यासिकेंत त्यानें तो येऊं दिला नाहीं. हा विवेक त्याच्या गिऱ्हाइकांस परवडण्याजोगा नव्हता.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें १८८२ च्या जानेवारींत एक्स्चेंजें उघडलीं, तेव्हां कोणालाहि दुसऱ्याच्या घरची घंटा परस्पर वाजवितां येत नसे. मधल्या ऑपरेटरला सांगून तार जोडून घ्यावी लागे. म्हणजे प्रत्येक हांकेला एक साक्षीदार असे. (अमेरिकेंत प्रथम या कामावर पोरें नेमलीं होतीं. त्यांच्या उद्धटपणाला व चेष्टांना कंटाळून बोस्टनमध्यें १८७८ पासून स्त्रिया नेमूं लागले. तेव्हां टेलिफोनवरील उपद्रवाचा एक आद्य मान आंतल्याच मंडळींकडे जातो!)

हा साक्षीदार उपयोगी खरा, पण जाचकहि होता. कॅन्सस सिटी येथें अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करणाऱ्या आल्मन स्ट्राउजर याला संशय होता कीं, आपलीं गिऱ्हाइकें ऑपरेटर बाई प्रतिस्पर्ध्याकडे वळविते; ती त्या प्रतिस्पर्ध्याची बायकोच होती, असेंहि सांगतात. त्या संशयांतून स्वयंचलित एक्स्चेंज निघालें. १८९१ सालीं पेटंट मिळालें आणि १८९२ सालीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट गांवीं पहिलें एक्स्चेंज सुरू झालें. मधली बाई गेली. आपलें बोलणें कोणी ऐकत नाहीं हें सुख लाभलें; परंतु आपल्याला कोण बोलावतो हें जाणणाराहि कोणी उरला नाहीं. आमच्या मतें या इतिहासांतील खरें वळण हेंच होय.

कायदे मागाहून आले. इंग्लंडांत केवळ त्रास देण्यासाठीं वारंवार टेलिफोन करणें हा १९३५ च्या कायद्यानें गुन्हा ठरला. अमेरिकेनें मध्यवर्ती कायदा १९६८ सालीं केला. आपल्या १८६० च्या दंडसंहितेंत अनामिक धमकीसाठीं ५०७ वें कलम होतें. तें लिहिलें गेलें तेव्हां बेल तेरा वर्षांचा होता. पण धमकी न देतां नुसता श्वास ऐकवून रिसीव्हर ठेवणाऱ्याला तें कसें लागू पडावें?

शिवाय गुन्हेगार सांपडावा कसा? यांत्रिक एक्स्चेंजमध्यें संभाषण चालू असतांनाच एका स्विचवरून दुसऱ्यावर माग काढीत जावें लागे. म्हणून जिचा छळ होई तिलाच सांगण्याची पाळी येई कीं, बाई, त्याला बोलत ठेवा! मध्यरात्रीं घरांत एकटी असलेल्या स्त्रीनें गलिच्छ शब्द आणखी कांहीं मिनिटें ऐकत राहावें, असा हा उपाय होता. तो सुचविणाऱ्यांस रिसीव्हर स्वतःच्या कानाशीं धरावयाचा नव्हता.

१९८७ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी येथें हांक मारणाराचा क्रमांक घरबसल्या दिसण्याची सोय झाली. पण ही सोय जसजशी पसरली तसतसा नवाच वाद उठला. नवऱ्याच्या मारहाणीला भिऊन आश्रय घेतलेल्या बाईनें मुलांची चौकशी करण्यासाठीं घरीं टेलिफोन केला, तर तिचा ठावठिकाणा उघड व्हावयाचा! हा आक्षेप आम्हांस अगदीं रास्त वाटतो. क्रमांक झांकण्याची मुभा द्यावी लागली, आणि उपद्रवी माणसाच्याहि ती उपयोगीं पडली.

पुढें व्यापारी आले. त्यांना नको म्हणणाऱ्यांची नोंदवही अमेरिकेंत २००३ सालीं व आपल्याकडे २००७ सालीं निघाली. १९०९ या क्रमांकावर नोंद करतां येऊं लागली. परवानगीनें जाहिरात करणाऱ्यांस १४० नें आरंभ होणारे क्रमांक दिले गेले. नियम पाळणारे तेवढे त्या क्रमांकांवरून बोलतात. इतरांचा दिसणारा क्रमांक खरा असेलच असें नाहीं, म्हणून आतां कित्येक घरांत अनोळखी घंटा खुशाल वाजूं देतात. ज्याचें काम खरें असेल तो नांव लिहून चार ओळींचा निरोप धाडतो; मग घरची मंडळी सवडीनें त्याला उलट टेलिफोन करतात.