पॅजेट, हेन्री विल्यम, मार्क्वेस ऑफ अँगलसी

(१७ मे १७६८ – २९ एप्रिल १८५४). ब्रिटिश सेनानी व राजकारणी. जन्म लंडन येथे, एका धनाढ्य उमराव घराण्यात. वेस्टमिन्स्टर विद्यालय व ऑक्सफर्ड येथे शिक्षण झाल्यावर १७९० मध्ये तो पार्लमेंटात गेला. परंतु १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपताच वडिलांच्या जमिनीवरील कुळांतून माणसे भरती करून त्याने पायदळाची एक पलटण उभारली. त्याची खरी कीर्ती मात्र घोडदळातली. डिसेंबर १८०८ मध्ये सर जॉन मूरच्या स्पेनमधील मोहिमेत साहागून व बेनाव्हेंते येथे त्याने फ्रेंच रिसाल्यांचा पराभव केला. पुढच्याच वर्षी तो, असईच्या लढाईमुळे मराठी वाचकांस परिचित असलेल्या वेलिंग्टनच्या भावजयीसह निघून गेला आणि त्यानंतर वेलिंग्टनच्या स्पेनमधील मोहिमांत त्यास स्थान मिळाले नाही.

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे मात्र सारे घोडदळ त्याच्याच हाती होते. फ्रेंच सेनानी देर्लाँच्या पायदळावर त्याने घातलेल्या घाल्याने फ्रेंचांची ती चढाई मोडली. पण सेनापतीने राखीव दळ आवरून धरावयाचे सोडून तो स्वतःच आघाडीस धावला, घोडेस्वार बेभान होऊन दूरवर गेले व त्यांची मोठी हानी झाली. हा दोष गंभीर होता, आणि पुढे त्याने तो स्वतः मान्यही केला. दिवस मावळता तोफगोळ्याने त्याचा उजवा पाय निकामी झाला व तो कापावा लागला. थोड्याच दिवसांत त्यास मार्क्वेसचा किताब मिळाला.

लोकांनी त्याचा पाय लक्षात ठेवला. त्याचे खरे धैर्य मात्र आयर्लंडात दिसले. १८२८ मध्ये तेथील लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे राजप्रतिनिधी, म्हणून गेल्यावर कॅथलिक प्रजेस राजकीय हक्क दिल्यावाचून शांतता नांदणार नाही, अशी त्याची खात्री पटली, आणि पंतप्रधान वेलिंग्टनचा हा प्रश्न तूर्त मागे ठेवण्याचा सल्ला अमान्य करून त्याने कॅथलिक आर्चबिशप कर्टिस यास तसे स्पष्ट लिहून कळविले. आधीच विकोपाला गेलेला बेबनाव या पत्राने जगजाहीर झाला आणि जानेवारी १८२९ मध्ये त्यास परत बोलाविण्यात आले; तथापि त्याच वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळाने एप्रिलमध्ये ते हक्क देणारा कायदा संमत करून घेतला. लॉर्ड लेफ्टनंट म्हणून त्याची दुसरी कारकीर्द (१८३०–३३) प्रॉटेस्टंट चर्चला द्याव्या लागणाऱ्या दशांश कराविरुद्धच्या दंगलींनी व आयरिश कॅथलिकांचा पुढारी ओकॉनेल याच्या वैराने ग्रासली. तरी कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही पंथांच्या मुलांस एकत्र शिकविणारी राष्ट्रीय शाळांची योजना तिच्यातच, १८३१ मध्ये, सुरू झाली.

१८४६ मध्ये तो फील्ड मार्शल झाला. लंडन येथे मृत्यू. दफन लिचफील्ड येथील कॅथीड्रलमध्ये.