परतूर, जालना आणि वाचनालयाचा कर

जालना जिल्ह्यातल्या सार्वजनिक वाचनालयांविषयी लिहायचे, तर हा जिल्हा अस्तित्वात नव्हता त्या काळापासून सुरुवात करावी लागते. जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके औरंगाबादेतून आले, परतूर परभणीतून. त्याआधीचा या भागाचा मोठा वारसा निजामी राजवटीचा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि इथल्या वाचनालयाचा स्वभाव त्या राजवटीतच घडला.

संस्थानात मराठी बोलणारे सुमारे चतुर्थांश होते. पण 1884 च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू आली आणि कचेरी, कोर्ट, वरचे शिक्षण यांत मराठीला जागा उरली नाही. खाजगी शाळा काढायची तर परवानगी. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ आडवे येई. या फर्मानाने सभेसाठी सरकारी परवानगी आवश्यक केली होती. जिथे भाषण करता येत नाही तिथे माणसे काय करतील? वर्तमानपत्र वाचायला जमतील. वाचनालय ही त्या राजवटीत लोकांना मिळालेली, फारशी न खुपणारी जागा होती. 1951 च्या जनगणनेतही हैदराबाद राज्यातली साक्षरता दहा टक्क्यांच्या आत आहे. शंभरांतल्या नव्वदांना वाचता येत नसेल, तर वाचनालय हे वाचण्याइतकेच ऐकण्याचेही ठिकाण असणार. वर्गणीदारांची संख्या मोजून त्या संस्थांचा प्रभाव मोजणारे अभ्यासक इथेच फसतात.

वाचनालयाकडून सार्वजनिक कार्याकडे जाणारी वाट संस्थानात सर्वांत स्पष्ट दिसते ती तेलुगू समाजात. 1901 साली हैदराबाद शहरात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय निघाले. त्याच्याभोवती जमलेल्या मंडळींतून तेलुगू भाषकांची संघटना उभी राहिली आणि 1930 साली जोगीपेठला आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन भरले. मराठी बाजूला हे इतके सरळ रेषेत घडले नाही, पण क्रम तोच आहे. परभणीचे गणेश वाचनालय 1901 चे, हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1922 चे. आणि 1937 साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले ते परतूरला. औरंगाबाद नाही, नांदेड नाही. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले एक छोटे गाव. परिषदेचा आरंभीचा सूर मवाळ होता. पण पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला आणि परिषदेतली माणसे त्यात ओढली गेली. पुस्तके, शाळा, भाषा असे निरुपद्रवी विषय घेऊन एकत्र येण्याची सवय नसती, तर परतूर शक्य झाले नसते, असे मला वाटते.

आता कायद्याकडे वळतो, कारण मला जे सांगायचे आहे ते तिथे आहे. पोलीस कारवाईनंतरच्या हैदराबाद राज्याने 1955 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासचा 1948 चा कायदा सोडला, तर स्वतंत्र भारतातल्या अगदी पहिल्या कायद्यांपैकी हा एक. त्यात ग्रंथालय कराची तरतूद होती. म्हणजे ग्रंथालय हे दात्याच्या मर्जीवर किंवा सरकारच्या दयेवर नाही, तर दिवाबत्ती-पाण्यासारखे लोकांच्या स्वतःच्या करातून चालावे, ही कल्पना. पुण्या-मुंबईकडे तेव्हा असा कायदा नव्हता. कोल्हापूर संस्थानाने 1945 साली केलेला कायदा हा तिकडचा एकमेव अपवाद. मागासलेला म्हणून हिणवला जाणारा मराठवाडा निदान कागदावर तरी पुढे होता.

हे फार दिवस टिकले नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. तिथे 1960 च्या कायद्यात ग्रंथालय कर राहिला. बिदर, गुलबर्गा, रायचूर हा कन्नड भाग म्हैसूर राज्यात गेला. तिथेही 1965 च्या कायद्यात कर आला. मराठवाडा मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आला. महाराष्ट्राच्या 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने कोल्हापूर आणि हैदराबाद हे दोन्ही कायदे रद्द केले, आणि नव्या कायद्यात कर ठेवला नाही. एका राज्याच्या तीन भावंडांपैकी हा हक्क गमावला तो एकट्या मराठवाड्याने.

महाराष्ट्राची बाजू समजण्यासारखी आहे. रत्नागिरीचे ग्रंथालय 1828 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. एवढी जुनी लोकसंस्थांची परंपरा असताना सरकारने नव्याने ग्रंथालये काढण्यापेक्षा आहेत त्यांना अनुदान द्यावे, हा विचार तिकडे रास्त होता. पण ही व्यवस्था जिथे शंभर वर्षांचे वर्गणीदार आणि देणगीदार आहेत तिथे शोभते. जालन्याकडे काय होते? कर म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही खरे. पालिकांनी वसूल केलेला कर ग्रंथालयांपर्यंत पोचत नाही, ही तक्रार शेजारच्या राज्यांतही आहे. मात्र तिथे निदान थकबाकी मागता येते. अनुदानाची नुसती वाट पाहावी लागते.

या अनुदानाची रचनाही पाहण्यासारखी आहे. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग, आणि त्यात पुन्हा जिल्ह्याचे ठिकाण, तालुक्याचे ठिकाण, इतर गाव असा भेद. 2012 च्या दरांनी जिल्ह्याच्या अ वर्गाला वर्षाला 7,20,000 रुपये, तालुक्याच्या अ वर्गाला 3,84,000, आणि खेड्यातल्या ड वर्गाला 30,000. म्हणजे गावाचा महसुली दर्जा वाढला की वाचनालयाचा हक्क वाढतो. जालना 1981 मध्ये जिल्ह्याचे ठिकाण झाले, पुढे मंठा, बदनापूर, घनसावंगी तालुके झाले. या गावांतल्या वाचकांत एका रात्रीत काही बदल झाला नव्हता. नकाशा मात्र बदलला. ज्या खेड्यांचा नकाशा बदलला नाही ती ड मध्येच राहिली. त्यात 2012 पासून नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांना वर्गबदल देणेच थांबले.

गरज मात्र थांबली नाही. 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्के आहे, जालना जिल्ह्याची सुमारे 71, आणि इथल्या स्त्रियांची 61 च्या आसपास. दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगीकडची कुटुंबे ऊसतोडीला जातात, मुले बरोबर जातात किंवा आजीजवळ मागे राहतात. गावात वाचनालयाची एक खोली उघडी असेल, तर संध्याकाळी दिव्याखाली बसायला त्यांना जागा आहे. पोलीस भरती, तलाठी, स्पर्धा परीक्षा यांचा अभ्यास करणाऱ्यांसाठीही तीच खोली. घरी माणसे सहा आणि खोली एक असेल, तर मुलाला पुस्तकाआधी टेबल लागते.

ही खोली उघडणाऱ्याचा हिशेब करून पाहावा. 2022 साली मंत्रिमंडळाने अनुदानात 60 टक्के वाढ मंजूर केली, तेव्हा ड वर्गाचे 30,000 चे 48,000 झाले. त्यातला निम्मा भाग वेतनासाठी. वर्षाचे 24,000, महिन्याचे 2,000. रोजगार हमीवर 2024-25 मध्ये महाराष्ट्रात दिवसाला 297 रुपये मजुरी होती. म्हणजे ग्रंथपालाचा महिना रोजगार हमीच्या सात दिवसांचा.